कार आणि कर

परवा रविवारी सकाळी पुतण्या घरी आला. हातात प्लास्टिकची फाइल. आमच्या हिच्या डोळ्यांत लगेच चमक, की लग्नाचं काहीतरी जमलेलं दिसतंय! पण फाइलीतून निघाली शाळा सोडल्याच्या दाखल्याची झेरॉक्स, आधार कार्डाची झेरॉक्स आणि एक अर्ज.

"काका, राजपत्रात नावबदल टाकतोय. बाबांना अजून सांगितलेलं नाही. आधी तुम्हाला सांगावं म्हटलं."

नावबदल म्हणजे आडनावबदल. लोहार जाणार, आणि आमच्या गावाच्या नावापुढे 'कर' लागून नवं आडनाव येणार. ही चहा टाकायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी फाइल उलटसुलट करत बसलो.

मी विचारलं, "का रे?" त्यानं जे सांगितलं ते आठवडाभर डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे लिहितोय. आमच्या घरची मंडळी हा ब्लॉग वाचतात हे ठाऊक आहे. दादा, तूही वाचशील. तेव्हा आधीच सांगतो, पोराला मी फितवलेलं नाही. :)

तर झालं असं. पुतण्या ठाण्याला घोडबंदर रोडवरच्या एका कंपनीत आहे. त्यांचं काम इंग्लंडातल्या एका गिऱ्हाईकासाठी चालतं, आणि तिकडचा जो माणूस रोज संध्याकाळी कॉलवर असतो त्याचं आडनाव स्मिथ. एकदा काम लवकर आटपलं, गप्पा निघाल्या, आणि त्यानं सहज विचारलं की तुझ्या आडनावाचा अर्थ काय. पुतण्या म्हणाला, "तुमचं आहे तेच." तो माणूस इतका खूश झाला, की त्यानं आपल्या बायकोला स्क्रीनपुढे बोलावून दाखवलं, हा बघ, भारतातला स्मिथ. पुढचे चार दिवस तो ह्याला भाऊबंद म्हणून हाक मारत होता.

त्याच आठवड्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये एका नव्या सहकाऱ्यानं, मराठीच, विचारलं, "लोहार म्हणजे... म्हणजे तुम्ही लोहारच का?" पुतण्या "हो" म्हणाला. ह्यावर समोरचा "अच्छा अच्छा" म्हणाला आणि ताटातल्या उसळीकडे बघायला लागला. बस, एवढंच. कुणी शिवी दिली नाही, कुणी उठून गेलं नाही. पण पोरगा म्हणाला, "काका, त्या अच्छा अच्छाचा मला कंटाळा आलाय."

मला हे अच्छा अच्छा चांगलंच माहीत आहे. पन्नाशी उलटली माझी.

आता हा स्मिथ म्हणजे कोण ते बघू. जुन्या इंग्रजीत स्मिथ म्हणजे धातूचं काम करणारा कारागीर. इंग्लंडात बाराव्या ते चौदाव्या शतकाच्या सुमारास आडनावं हळूहळू पक्की झाली. तोपर्यंत जॉन नावाचे गावात पाच जण असले, तर ओळखायचा कसा? भट्टीवरचा जॉन तो जॉन स्मिथ, गिरणीवाला तो मिलर, शिवणारा तो टेलर, गाडीवान तो कार्टर, मडकी करणारा तो पॉटर. १३७९ सालच्या डोईपट्टीच्या याद्यांत माणसाच्या नावाशेजारी त्याचा धंदा लिहिलेला सापडतो. सरकारला पट्टी हवी होती, त्यासाठी माणूस नेमका कोण हे ठरायला हवं होतं. आपल्याकडे काय किंवा तिकडे काय, आडनावाला खरा जोर सरकारी कागदानंच आणला.

स्मिथ हे इंग्लंडातलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव. ह्याचा अर्थ सगळे स्मिथ एका घराण्यातले असा नाही. दर गावाला एक भट्टी लागायचीच, म्हणून हे आडनाव गावोगाव स्वतंत्रपणे उगवलं. बरं, हे एकट्या इंग्लंडातलं नाही. जर्मनांचा श्मिट, पोलंडचा कोवाल्स्की, रशियाचा कुझनेत्सोव, अरबांचा हद्दाद, इटलीचा फेरारी, हे सगळे आमचेच. होय, ती तांबडी गाडीसुद्धा लोहाराचीच! आणि मायकेल शूमाकर ह्या नावातला शूमाकर म्हणजे जोडे शिवणारा. २००० ते २००४ अशी लागोपाठ पाच वर्षं एका चांभारानं लोहाराची गाडी चालवून जगज्जेतेपद मिळवलं, असं शब्दशः भाषांतर होतं. हे वाक्य मी दोन-तीन वर्षांपूर्वी सोसायटीच्या कट्ट्यावर गंमत म्हणून टाकलं होतं. कुणी हसलं नाही. उलट एक क्षण सगळे गप्प झाले, जणू मी काहीतरी अभद्र बोललो. हॅरी पॉटरचं हरी कुंभार केलं तेव्हा मात्र हसले. पण तेही जरा जास्तच हसले.

म्हणजे बघा, इंग्रजीत जो शब्द नुसता ध्वनी होऊन बसलाय, तोच मराठीत आणला की लगेच त्याला जात फुटते. हे असं का होतं, ह्याचा विचार करताना मला आपल्याकडच्या धंद्यांवरच्या आडनावांचे दोन ढीग दिसले.

पहिला ढीग लेखणीचा आणि कचेरीचा. ठाण्यात नौपाड्यातल्या जुन्या इमारतींच्या जिन्याखाली नावांच्या पाट्या असतात, त्या कधी थांबून वाचा. चिटणीस, फडणीस, पोतनीस, कारखानीस, पारसनीस, मुजुमदार, दफ्तरदार. ही सगळी कामाचीच नावं आहेत. शेवटचा 'नीस' म्हणजे फारसीतला नवीस, अर्थात लिहिणारा. चिठ्ठ्या लिहिणारा चिटणीस, खजिन्याचा हिशेब लिहिणारा पोतनीस, फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा पारसनीस. सरळ मराठीत सांगायचं तर हे कारकून. इंग्रजीतला क्लार्क हे आडनाव अगदी तसंच, लिहिता-वाचता येणारा तो क्लार्क.

गंमत म्हणजे शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास राज्यकारभारातले फारसी शब्द बदलून संस्कृत आणले. राज्यव्यवहारकोश त्यासाठीच रचला गेला. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनीसाचा सचिव, वाकनीसाचा मंत्री, डबीराचा सुमंत. पण लोकांच्या दारावर फारसी नावंच टिकली. मुजुमदार मुजुमदारच राहिले. ज्याला ज्या नावानं मान मिळाला, त्यानं ते सोडलं नाही. नाना फडणवीसांचं मूळ आडनाव भानू. आज किती जणांना हे आठवतं? पेशव्यांचं भट. हुद्दा एवढा मोठा झाला की त्यानं आडनाव गिळून टाकलं.

आमच्या कल्याणात उलटा प्रकारही आहे. पेशवाईतले तिथले सरसुभेदार रामजी महादेव बिवलकर. आडनाव गावाचं, पण वाड्याला नाव पडलं हुद्द्याचं, सुभेदार वाडा. आज तिथे शाळा भरते, गणपती बसतो, आणि बिवलकर माहीत नसलेल्या पोरांनाही सुभेदार वाडा माहीत असतो.

दुसरा ढीग हाताच्या कामाचा. लोहार, कुंभार, सुतार, सोनार, तेली, शिंपी, न्हावी, परीट, चांभार. ह्यांतल्या बऱ्याच शब्दांच्या शेवटी संस्कृतातला 'कार' लपलेला आहे. लोहकाराचा लोहार, कुंभकाराचा कुंभार, सुवर्णकाराचा सोनार, चर्मकाराचा चांभार. कार म्हणजे करणारा, घडवणारा. पुतण्याला मी हेच म्हणालो, "अरे, कार सोडून कर घेतोयस. फरक फक्त एका कान्याचा." तो म्हणाला, "हो ना काका, आणि तो एक काना काढायला राजपत्र लागतं." ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पहिल्या ढिगातलं आडनाव कुणी बदललेलं तुम्ही ऐकलंय? चिटणीसांनी म्हटलंय, की आता आम्ही चिठ्ठ्या लिहीत नाही, सगळं ईमेलवर चालतं, तेव्हा आडनाव बदलून द्या? दुसऱ्या ढिगातली मात्र वर्षानुवर्षं राजपत्रातून गळत चाललीत. दोन्ही कामाचीच नावं. एकात काम जाऊन मान उरला, दुसऱ्यात काम जाऊन जात उरली.

कुणी म्हणेल, लेखणी ती लेखणी आणि घण तो घण, फरक असणारच. पण मग जोशीबुवांचं काय? त्रिंबक नारायण आत्र्यांचं 'गावगाडा' हे १९१५ सालचं पुस्तक ज्यांनी वाचलं असेल त्यांना आठवेल, बलुतेदारांत सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट ह्यांच्याबरोबर गावचा जोशीही येतो. त्यानं पंचांग सांगायचं, मुहूर्त काढायचा, आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपला धान्याचा वाटा घ्यायचा. आमच्या आज्यानं नांगराचा फाळ तापवून ठोकून द्यायचा, गाडीच्या चाकाला धाव बसवायची, विळे-कुऱ्हाडींना पाणी पाजायचं, आणि त्याच खळ्यावर त्याच सुगीला आपला वाटा घ्यायचा. दोघेही बलुतेदार, दोघांचंही आडनाव बलुत्यावरून. आज जोशी हे नुसतं आडनाव आहे. लोहार म्हटलं की अच्छा अच्छा. जोशी आडनावाच्या माझ्या मित्रांनी रागावू नये. तुमचं आडनाव जसं नुसतं आडनाव झालंय तसं आमचंही व्हावं, एवढंच माझं मागणं आहे.

आता ह्या दोन ढिगांच्या मधलं एक आडनाव आहे, आणि ते डोंबिवलीत राहणाऱ्याला डोळ्यांआड करताच येणार नाही. पाटील! इथल्या मूळ गावांत आगरी पाटील, खाडीकाठी कोळी पाटील, देशावरून आलेले मराठा पाटील, सांगली-कोल्हापूरकडचे जैन पाटील, लिंगायत पाटील, मुसलमान पाटीलसुद्धा. जुन्या लेखांत पट्टकिल म्हणून येणारा हा गावचा मुख्य. डोंबिवली स्टेशनाबाहेर उभं राहून "ओ पाटील" अशी हाक मारली तर किती जण वळतील कोण जाणे! पण नुसतं पाटील ऐकून जात सांगता येत नाही. मराठीतला खरा स्मिथ हाच. गावोगाव स्वतंत्रपणे उगवलेला, आणि एवढ्या जातींत पसरलेला की त्यातून काहीच कळू नये. म्हणूनच पाटलाला लोक पुढचा प्रश्न विचारतात, "कुठले पाटील?"

ह्या सगळ्या नावांच्या मागे वतन होतं. १८७४ च्या मुंबई इलाख्याच्या कायद्यानं ती वंशपरंपरागत कामं कागदावर आणखी पक्की केली होती. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात ह्याच कायद्यात दुरुस्ती सुचवणारं विधेयक आणलं, कारण महार वतन ही वंशपरंपरागत वेठबिगार झाली होती. पुढे स्वातंत्र्यानंतर वतनं एकेक करून गेली. परगणे आणि कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्यानं, कनिष्ठ गावकामगारांची १९५८ च्या, मुलकी पाटीलकी १९६२ च्या. म्हणजे कुलकर्ण्यांचं कुलकर्णीपण आणि पाटलांचं पाटीलपण कायद्यानं संपून साठ-सत्तर वर्षं झाली. पोलीस पाटील हे पद आजही आहे, पण त्यावर बसायला आडनाव पाटील लागत नाही. वतन गेलं, नाव राहिलं. कुणाला त्यात वावगं वाटत नाही, मलाही नाही.

माझ्या वडिलांचं उदाहरण सांगतो. ते माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये लागले. कुठल्या खात्यात? स्मिथी शॉप! डब्यांच्या स्प्रिंगा, जोडणीचे आकडे, सगळं तापवून ठोकायचं काम. हजेरीवर नावाच्या रकान्यात लोहार आणि धंद्याच्या रकान्यात ब्लॅकस्मिथ. त्यांच्या शेजारी घण मारायला नाशिककडचा एक मराठा गडी होता, केरळचा एक ख्रिश्चन होता, उत्तर प्रदेशातला एक ब्राह्मणही होता. त्या सगळ्यांच्या धंद्याच्या रकान्यात ब्लॅकस्मिथच. त्यांना कुणी लोहार म्हटलं नाही. धंदा इंग्रजीत गेला की नोकरी होतो आणि मराठीत राहिला की जात, हे मला वडिलांच्या त्या दोन रकान्यांनी शिकवलं.

वडिलांना स्वतःला मात्र ह्याचं काही वाटायचं नाही. सकाळची लोकल पकडून जायचे, रात्री हाताला खोबरेल चोळत बसायचे. भाजल्याचे डाग होते मनगटापर्यंत. गावी गेले की बंद पडलेल्या भट्टीत जाऊन ऐरणीला हात लावून यायचे. दिवसभर भाता ओढणारी आणि वेळ पडली तर समोरून घण घालणारी त्यांची आई होती, म्हणजे माझी आजी. आडनावात तिचं काम कुणी धरलं नाही. इंग्रजीत वेबस्टर आणि बॅक्स्टर अशी आडनावं आहेत. जुन्या इंग्रजीत स्टर हा शेवट मुळात बायकांच्या कामाला लागायचा, म्हणजे विणणारी ती वेबस्टर आणि पाव भाजणारी ती बॅक्स्टर. बाईच्या हाताच्या कामाचं नाव घराण्याला लागलं, असं एकही मराठी आडनाव मला आठवत नाही. कुणाला माहीत असेल तर जरूर कळवा.

मग तिकडे हे नाव मेलं आणि इकडे जिवंत राहिलं, ते का? इंग्रज काही देवमाणसं नव्हेत. त्यांच्याकडे वर्ग आहे, आणि तो आडनावाऐवजी बोलण्याच्या ढबीतून कळतो म्हणतात. पण स्मिथचा पोरगा मिलरच्या घरी काम शिकायला गेला, टेलरच्या पोरीशी त्यानं लग्न केलं, पाच-सहा पिढ्यांत सगळी सरमिसळ झाली. मग स्मिथ ह्या शब्दातून त्या माणसाबद्दल काहीच कळेना, आणि काही कळत नाही म्हटल्यावर लोकांनी ऐकायचं सोडून दिलं. आमच्याकडे धंदा सुटला, लग्न सुटलं नाही. माझ्या घरात आज भट्टी पेटवता येईल असा एकही माणूस नाही. दादा बँकेत होता, मी विमा कंपनीत, पुतण्या कॉम्प्युटरवर. पण रविवारच्या पेपरातल्या वधू-वरांच्या जाहिराती अजून आमची भट्टी पेटती ठेवतायत. आडनाव हे कुलूप आहे असं आपण समजतो. खरं कुलूप लग्नाचं आहे, आडनाव नुसती त्यावरची चिठ्ठी.

आता कुणी म्हणेल चिठ्ठीच फाडून टाका. सरकारनंही तसे प्रयत्न केलेत. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ठरवलं, की जातींवरून पडलेली वस्त्यांची नावं बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायची. २०२५ साली बीड जिल्ह्यात पोलिसांनी टेबलांवरच्या आणि गणवेशावरच्या पाट्यांवरून आडनावं काढली, नुसतं पहिलं नाव ठेवलं, जेणेकरून दारात आलेल्या माणसानं साहेबाची जात आडनावावरून काढू नये. मला हे दोन्ही बरं वाटलं. निदान रोग आहे हे तरी मान्य झालं. पण पाटी बदलून विचारणाऱ्याची जीभ थांबत नाही. आडनाव कळलं नाही तर "पूर्ण नाव काय?", गावाचं आडनाव असेल तर "म्हणजे मूळचे कोण?", तेही जमलं नाही तर "कुलदैवत कुठलं हो तुमचं?" पुतण्याला मी हेच सांगितलं, की बाबा, कर लावलास तरी हे पुढचे तीन प्रश्न तुझी वाट बघतायत.

तो म्हणाला, "काका, पण ते तीन प्रश्न विचारायला त्यांना तीनदा तोंड उघडावं लागेल. आत्ता माझ्या नुसत्या बॅजवर सगळं छापलेलं असतं. आणि दीनानाथांनी मंगेशीवरून मंगेशकर घेतलं ते चालतं, मी घेतलं की पळपुटा?"

खरं सांगतो, पोराचं म्हणणं बिनतोड होतं. पळपुटा हा शब्द मी वापरलेला नव्हता, पण माझ्या मनात होता, आणि तो त्यानं ओळखला होता.

कारण पळपुटा मी आहे. हा ब्लॉग मी इतकी वर्षं लिहितोय. वर डाव्या कोपऱ्यात माझं नाव आहे, आडनाव नाही. कुणी विचारलं तर म्हणायचो, ब्लॉगवर कशाला आडनाव, आपुलकी राहते. आमच्या फ्लॅटच्या पाटीवर तीन आद्याक्षरं आहेत. विमा कंपनीत सही करताना शेवटचं अक्षर असं काही लांबवायचो की ते लोणकर वाचा, लोखंडे वाचा, नाहीतर काहीही वाचा. पुतण्या सरळ अर्ज भरतोय, पैसे भरतोय, आणि उद्या पासपोर्टपासून पॅनकार्डापर्यंत प्रत्येक ठिकाणी त्या राजपत्राची प्रत जोडत फिरणार आहे. मी फुकटात आणि चोरून तेच करत आलो. दोघांत जास्त प्रामाणिक कोण?

आणि हेही कबूल करायला हवं, की आमचं हे अच्छा अच्छा म्हणजे किरकोळ दुखणं आहे. ज्यांच्या आडनावामुळे भाड्याचं घर नाकारलं जातं, नोकरीतला चेहरा बदलतो, गावात मार बसतो, त्यांच्यापुढे आम्ही लोहारांनी रडू नये. ह्यांतलं कुणी आडनाव बदललं तर त्याला नावं ठेवण्याचा अधिकार ज्यांना कधी आडनाव लपवावं लागलं नाही त्यांना तर मुळीच नाही.

तरीही मला वाटतं की सगळ्यांनीच कर घेतलं तर काहीतरी हरवेल. जे हरवेल ते मला ह्याच आठवड्यात एका जुन्या वाचनातून आठवलं. बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत सातवाहन काळातले प्राकृत शिलालेख आहेत. कुणी काय दान दिलं त्याच्या नोंदी. त्यांत कल्याणच्या माणसांची नावं बरीच, कारण कल्याण तेव्हा मोठं बंदर होतं. व्यापारी आहेत, सोनार आहे, आणि एक लोहारही आहे. नाव नंद, राहणार कल्याण, धंदा कम्मार. कम्मार म्हणजे लोहार. कर्नाटकात आणि सीमाभागात हे आडनाव आजही आहे. बुद्धाला शेवटचं जेवण ज्यानं वाढलं तो चुंदही कम्मारपुत्रच.

म्हणजे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी कल्याणचा एक लोहार स्वतःच्या कमाईतून दान देतो आणि दगडात कोरून ठेवतो, की मी नंद, कल्याणचा, लोहार. गावही सांगतो आणि कामही सांगतो. त्याला दोन्हींतलं एकही लपवावंसं वाटलं नाही. ज्या छिन्नीनं ती अक्षरं कोरली ती छिन्नी त्याच्यासारख्याच कुणीतरी घडवली असणार. कल्याण स्टेशनात रोज लाखो लोक चढतात-उतरतात, त्यांतला मी एक. नंदाचं नाव मला आठवलं आणि प्लॅटफॉर्मवर उगाच ताठ उभा राहिलो.

एरवी मराठीला ऐरणीचं वावडं नाही. पेपरात रोज कुठला ना कुठला प्रश्न ऐरणीवर येतो. भालजी पेंढारकरांच्या 'साधी माणसं' (१९६५) मधलं लोहाराचं जोडपं आणि त्यांचं ऐरणीचं गाणं सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात ते गाणं लागलं की टाळ्या पडतात. ऐरण चालते, गाणं चालतं. फक्त तो माणूस शेजारच्या खुर्चीवर येऊन बसला, की त्याचं आडनाव ऐकून ताटातल्या उसळीकडे बघायचं.

असो. माझं मत शेवटी असं झालंय. पुतण्यानं आडनाव बदलावं. तिशीच्या आतल्या पोरानं अख्ख्या समाजाचं ओझं बॅजवर लटकवून फिरावं अशी सक्ती करणारा मी कोण? अर्जाचे पैसे मी देणार आहे. दादा, तू रागावशील, पण आपल्या वडिलांनी आपल्याला भट्टीतून बाहेर काढलं तेव्हा त्यांनाही कुणीतरी म्हणालंच असेल, की परंपरा सोडली. त्यांनी काम सोडलं, तो नाव सोडतोय. दोघांचा हेतू एकच आहे, पोरांना श्वास घ्यायला जागा मिळावी.

मी मात्र बदलणार नाही. ह्यात शौर्य काहीच नाही. माझं लग्न झालं, नोकरी संपली, आता अच्छा अच्छाची किंमत मला परवडते. ज्यांना परवडते त्यांनी ती मोजावी. निवृत्त लोहार, कुंभार, तेली, परीट, साहेब झालेले, डॉक्टर झालेले, ज्यांच्यापुढे लोक उभे राहतात, त्यांनी आपली नावं मोठ्या अक्षरांत लावावीत. म्हणजे हळूहळू हे शब्द ऐकणाऱ्यांच्या कानाला सवयीचे होतील, जोशी आणि पाटील झाले तसे. आणि ज्यांची आडनावं पहिल्या ढिगातली आहेत त्यांना एकच विनंती. पुढच्या वेळी कुणी लोहार भेटला तर त्या इंग्लंडातल्या स्मिथसारखा एकच प्रश्न विचारा, अर्थ काय. "तुम्ही लोहारच का?" हे विचारू नका.

पुतण्या निघताना दारात थांबला. म्हणाला, "काका, नवीन आडनाव लागलं तरी त्या स्मिथला सांगणार नाहीये मी. तो बिचारा भाऊबंद म्हणतोय, त्याचा हिरमोड होईल."

मी हसलो. तो गेल्यावर ड्रॉवरमधून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि दारावरची आद्याक्षरांची पाटी उतरवली. नवीन पाटी करायला टाकली आहे, गुरुवारी मिळेल. ब्लॉगच्या डाव्या कोपऱ्याला मात्र गुरुवारची वाट बघायची गरज नव्हती. तिथे बघा, आजपासून आडनावासकट आहे.